वन्सं विमानात मावतील का?

आमच्या घरातल्या बायकांमध्ये विमानातली तज्ज्ञ मी. का, तर दोनदा बसले आहे. त्यातही एकदा उतरेपर्यंत झोपले होते. पण बाकी कोणी बसलेलंच नसलं की एवढ्या भांडवलावरही माणूस तज्ज्ञ होतो. त्यामुळे माझ्या मोठ्या नणंदेला, वन्संना, बंगळुरूला विमानानं न्यायचं ठरलं तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी उभी हयात पोस्टाच्या काउंटरवर काढली आहे. चार माणसं एकदम माझ्याकडे बघायला लागली की मला अजूनही आधी राग येतो आणि मग मी कामाला लागते. तसंच झालं.

वन्संच्या एकुलत्या एक लेकीचे दिवस भरत आले होते. पहिलटकरीण. रीत अशी की लेकीनं बाळंतपणाला माहेरी यायचं. पण तिला मधेच काही त्रास झाला आणि तिथल्या डॉक्टरीणबाईंनी प्रवासाला सक्त मनाई केली. सासू नाही. नवरा चांगला, पण नवरा तो नवरा. लेक फोनवर एकच सांगायची, "आई, तू ये." म्हणून यंदा माहेरच उठून सासरी निघालं होतं. रेल्वेनं न्यावं तर वन्संचा गुडघा दिवसभर लोंबकळत ठेवण्यातला राहिलेला नव्हता. म्हणून विमान.

वन्सं दिंडोरीच्या बाजूला राहतात. द्राक्षबाग आहे. मापानं म्हणाल तर आमच्या कुळात तशी दुसरी बाई झाली नाही. त्या दारातून आत आल्या की घरातला उजेड थोडा कमी होतो, हे माझं नव्हे, त्यांचंच वाक्य आहे. स्वतःच्या लठ्ठपणावर पहिला विनोद त्याच करायच्या, म्हणजे दुसऱ्याला करायला काही उरत नसे. "मी येते म्हटलं का जीपवाला आधी टायर बघतो," असं म्हणून त्या इतक्या हसायच्या की समोरच्याला आपण हसावं की नाही हा प्रश्नच पडत नसे.

या जीपवाल्यांबद्दल सांगायला हवं. दिंडोरी-नाशिक वडाप जीपमध्ये मधल्या बाकावर चार, मागे समोरासमोर चार-चार, पुढे ड्रायव्हरच्या डावीकडे दोन आणि उजवीकडे एक. ड्रायव्हर स्वतः दारातून अर्धा बाहेर. तिथे "सरका, सरका" एवढाच मंत्र. कोणी आलं की आहेत ते सरकतात, बसलं नसेल तरी बसतं. पण वन्सं स्टँडवर आल्या की हा मंत्र चालेनासा व्हायचा. ड्रायव्हर एकदा त्यांच्याकडे बघायचा, एकदा बाकाकडे बघायचा आणि म्हणायचा, "मावशी, तुम्ही मागच्या गाडीनं या." मागची गाडी आली की तिचा ड्रायव्हरही तेच म्हणायचा. कधी कधी दोन सीटांचे पैसे घ्यायचे. वन्सं हसून बसायच्या. हसून बसायच्या म्हणून आम्हाला वाटायचं, यांना काही वाटत नाही.

तिकीट काढलं माझ्या मुलानं. तो ऑफिसच्या कामानं सारखा उडत असतो, त्यामुळे विमान कंपन्यांवर त्याचा दात आहे. त्या संध्याकाळी वन्सं आमच्याकडेच होत्या. मुलगा लॅपटॉपवर सीटांचा नकाशा दाखवत सांगत होता, की आत्या, हे लोक काय करतात, दर रांगेतून दोन-दोन बोटं जागा चोरतात आणि शेवटी त्यातून एक नवी रांग काढतात. सीटची गादी पातळ केली, पाठ मागे पडायची ती बंद केली, संडास इतका अरुंद केला की आत जाऊन वळायचं असेल तर बाहेर येऊन वळावं लागतं. मी म्हटलं, आमच्या बिल्डरनं जिन्याखाली फ्लॅट काढून विकला, त्यातलाच हा प्रकार. मुलाला चेव चढला. म्हणाला, आता उभ्यानं न्यायचा विचार चाललाय, नुसता टेकायला दांडा देणार. आणि कुठल्या तरी देशात माणसाला सामानासारखं काट्यावर उभं करतात.

"माझ्यासारखीचं काय करत्यात मग?" वन्संनी विचारलं.

"तुला दोन तिकिटं, आत्या. आणि एकच काढलं असलं आणि पट्टा नाही लागला, तर खाली उतरवतात. पुढच्या विमानानं या म्हणतात."

झालं. उचलली जीभ लावली टाळ्याला. आम्ही सगळे हसलो, वन्सं सगळ्यांत जास्त. पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "आरं, मला उतरवायला क्रेन आणतील का?" मुलानं तिकीट एकच काढलं, चहा झाला, विषय संपला. आमच्यापुरता संपला. वन्संनी मात्र त्या दिवसापासून रात्रीचं जेवण सोडलं. हे मला पुढे विमानात कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं सगळं नुसतीच गंमत वाटेल. बाईनं जवळजवळ महिनाभर रात्रीची उपासमार काढली. दिवसभर बागेत छाटणीच्या मजुरांमागे उभं राहायचं, संध्याकाळी नवऱ्याला वाढायचं आणि आपण तांब्याभर पाणी पिऊन झोपायचं. लेकीजवळ पोचायचं तर विमानात मावलं पाहिजे, एवढं एकच त्यांच्या डोक्यात होतं. घरातली हातांची लाकडी खुर्ची रोज माजघरात ओढून त्या तिच्यात बसून बघायच्या. ही गोष्ट त्यांच्या नवऱ्यानं मला मागाहून सांगितली. त्यांना वाटलं होतं, गुडघ्याचा काही व्यायाम असेल.

निघायच्या आदल्या दिवशी मी दिंडोरीला मुक्कामाला गेले, कारण नाशिकचा विमानतळ ओझरला, म्हणजे आम्हा नाशिककरांपेक्षा त्यांनाच जवळ. बॅगा भरायला बसलो. खाली टाकायच्या बॅगेला पंधरा किलो, हातातल्या बॅगेला सात. वन्संनी जे काढून ठेवलं होतं ते बघून मी कपाळावर हात मारला. डिंक, खारीक, हळीव, बदाम, सुंठ, बाळंतशोपा, खोबऱ्याच्या वाट्या, दुपटी, टोपरी, काजळाची डबी, बाळाच्या शेकशेगडीची मातीची थाळी, आणि दोन मोठे डबे भरून डिंकाचे लाडू. कांद्यांची पिशवीसुद्धा होती. ती मी सरळ परत पडवीत नेऊन ठेवली.

"वन्सं, बंगळुरू जंगलात नाहीये. खारीक मिळते तिथे."

"मिळंल की. पण माहेरची नसंल ती."

मी वजन करत बसले. जे बसेना ते मी बाजूला काढत होते आणि मी काढलेलं वन्सं उचलून आत नेत होत्या. मला वाटलं, कपाटात ठेवतायत. पहाटे मला शिवणयंत्राचा आवाज आला, तोही मी अर्धवट झोपेत सोडून दिला.

आमच्याकडच्या बायकांच्या परकराला चोरखिसा असतो. बाजारला जाताना पैसे ठेवायला नेफ्याजवळ आतून शिवलेला छोटासा खिसा. वन्संनी त्या एका खिशाचा संसार वाढवला होता. जुन्या ब्लाउजपिसांचे खिसे त्यांनी परकराला गोल, पुढून, मागून, दोन्ही अंगांना शिवले आणि मी काढून ठेवलेलं सगळं त्यात भरलं. बाळंतपण परकरात घेऊन बाई नऊवारीच्या वयात सहावारी नेसून तयार झाली. मला गाडीत बसताना एवढंच जाणवलं की त्या चालताना खुळखुळतायत.

आणि त्यांचं गणितही त्यांच्या दृष्टीनं बिनचूक होतं. महिनाभर उपाशी राहून मी जेवढी कमी झाले, तेवढं सामान माझ्या अंगावर बसायला हरकत नाही! देवा, असं गणित आमच्याच घरात होऊ शकतं.

विमानतळावर बॅगा निघाल्या, वजन भरलं, मी सुटकेचा श्वास सोडला. मग तपासणी. बायकांची तपासणी पडद्याच्या आड एक वर्दीतली मुलगी करते. मी झाले आणि पुढे येऊन उभी राहिले. वन्सं आत गेल्या आणि आतच राहिल्या. थोड्या वेळानं पडद्याआडून त्या मुलीचा आवाज आला, "ये क्या है?" मग वन्संचा आवाज, "खारीक." परत, "और ये?" "डिंक." "ये?" "हळीव." माझ्यामागे रांगेतल्या बाया हसायला लागल्या. मी छताकडे बघत उभी राहिले. ओळख दाखवावी की नाही, याचा मी क्षणभर गंभीरपणे विचार केला, हे नाकारत नाही.

शेवटी त्या मुलीनं मलाच आत बोलावलं. एका ट्रेमध्ये पुड्यांचा ढीग आणि मधोमध वन्सं, शाळेत पकडल्यासारख्या. मी हिंदीत समजावलं, की यांची मुलगी बाळंत होणार आहे, हे तिच्यासाठी. मुलगी गंभीर होती, पण तिचं नाक फुरफुरत होतं. तिनं सगळ्या पुड्या यंत्रातून काढल्या, खोबऱ्याच्या वाट्या तेवढ्या बाजूला ठेवून घेतल्या. सुकं खोबरं विमानात चालत नाही म्हणे, पेट घेतं. बाकीचं घेऊन जा म्हणाली. "कहाँ रखेंगी?" असं तिनं विचारलं तोवर वन्संनी पडदा ओढून सगळं परत जागच्या जागी भरायला घेतलंही होतं.

"वन्सं, अहो निदान मला सांगायचं तरी!" मी बाहेर आल्यावर म्हटलं.

"सांगितलं असतं तर तू भरू दिलं असतं?"

खरं होतं. नसतंच.

विमानात शिरलो आणि मला मुलाची आठवण झाली. खरोखरच दोन-दोन बोटं चोरली होती. रांगेतून पुढे जाताना वन्संना तिरकं व्हावं लागलं आणि तिरक्या झाल्यावर त्यांना आणखीच जास्त जागा लागली. दोन्ही बाजूंना बसलेल्यांच्या खांद्यांना खारका घासत आमची वरात चालली. "जरा सरका भाऊ, सरका बाई," वन्सं सवयीनं म्हणत होत्या आणि लोकही सवयीनं सरकत होते, पण सरकायला जागा होती कुठे? हवाई सुंदरी आमच्या रांगेशी उभी होती. वन्सं तिला म्हणाल्या, "तुला नाय का गं जागा? ये, आमच्यात चौथी बस." ती गोड हसली. तिला शब्द कळले नसावेत, पण विनोद कळला.

वन्संना खिडकी दिली होती. विमान वर चढताना स्वतःची बाग बघायची त्यांची फार इच्छा होती. मधे मी, कडेला एक तरणा मुलगा, कानात इअरफोनची बोंडं घालून बसलेला. वन्सं खिडकीजवळ गेल्या, दोन्ही हातांवर दाब दिला आणि खाली बसल्या. बसल्या म्हणजे निम्म्या बसल्या. आमच्या दोघींमधला हाताचा दांडा त्यांनी वर केला तेव्हा कुठे पूर्ण खाली आल्या, आणि त्या खाली आल्या तशी मी वर आले. माझा गुडघा पुढच्या सीटला, खांदा त्या पोराला, आणि डाव्या कुशीत अख्खी बदामाची पुडी. त्या पोरानं कानातलं एक बोंड काढून माझ्याकडे बघितलं आणि परत घातलं.

"द्राक्षाच्या पेटीत घड भरताना आम्ही दोन घडांत कागद घालतो," वन्सं हळूच म्हणाल्या. "इथं तेवढंबी नाय."

मी हसले. मग लक्षात आलं, त्या हसत नव्हत्या. त्यांचा आवाजही त्यांचा नव्हता. त्यांनी पदर पोटावरून घट्ट ओढून घेतला होता आणि दोन्ही हात पदराच्या आत होते.

सुंदरी पट्टे तपासत आली. माझा बघितला, त्या मुलाचा बघितला, आणि वन्संपाशी थांबली. "मॅम, सीट बेल्ट?" वन्संनी मान डोलावली, म्हणजे लावलाय. ती हलेना. तिनं खूण करून पदर बाजूला करायला सांगितलं. वन्सं माझ्याकडे बघायला लागल्या. मी पदर उचलला. पट्ट्याची दोन टोकं त्यांनी दोन मुठींत धरून ठेवली होती, आणि दोन मुठींच्या मधे वीतभर अंतर होतं.

बाई घामानं थबथबली होती. मला म्हणाल्या, "वैनी, तिला सांग, ही मी नाय. ही खारीक हाय."

आणि त्यांनी पुड्या काढायला सुरुवात केली. नेफ्यात हात घालून एक, कुशीतून एक. "धर गं. हे धर." माझी मांडी भरली. मग माझ्यावरून हात लांबवून त्यांनी त्या पोराच्या हातात डिंकाची पुडी दिली. "धर रे बाबा जरा." त्यानं दोन्ही बोंडं काढली आणि मुकाट्यानं धरली. पुढच्या सीटवरची बाई वळून बघत होती, तिच्याकडे हळीव गेलं. सुंदरी हात पुढे करून "मॅम, मॅम" म्हणत होती, तर तिच्याही हातात सुंठ आली. आसपासचे लोक हसत होते आणि मीही हसत होते, खोटं कशाला बोलू. वाणसामानाचं दुकान विमानात उघडलं होतं. शेवटची पुडी निघाली. वन्संनी श्वास आत ओढला, डोळे मिटले आणि पट्टा ओढला.

चार बोटं कमी पडला.

परत ओढला. परत चार बोटं. आता काढायला काही उरलं नव्हतं. हसू आपोआप थांबलं, आधी माझं, मग बाकीच्यांचं.

वन्सं माझ्या कानाशी म्हणाल्या, "महिना झाला गं, रात्रीची जेवले नाय. ह्याच्यासाठी. आता उतरवतील मला." आणि तोंड खिडकीकडे वळवून बसल्या. "तू जा पुढं. तू तरी पोच तिच्यापाशी. मी येते मागच्या गाडीनं."

इतकी वर्षं ही बाई स्टँडवर हसत उभी राहायची तेव्हा तिला काय वाटत होतं, ते मला तेव्हा कळलं. मला मुलाचा राग आला, विमान कंपनीचा आला, दोन बोटं चोरणाऱ्या त्या माणसाचा आला, तो कुठल्या देशात बसत असेल तिथे. मी सुंदरीशी भांडायच्या तयारीनं तोंड उघडलं. म्हटलं, उतरवा तर खरं, मी दारात आडवी पडते. पण ती जागेवर नव्हती. सुंठेची पुडी माझ्या मांडीवर ठेवून ती पुढे गेली होती.

परत आली ती हात पाठीमागे घेऊन. वाकली, पट्ट्याचा एक छोटा जास्तीचा तुकडा वन्संच्या मुठीत ठेवला आणि हलक्या आवाजात हिंदीत म्हणाली, "हा जोडून घ्या, आंटी." जोडायलाही तिनंच मदत केली. खट्ट आवाज झाला. पट्टा लागला. पोटावर थोडा सैलच पडला. मग दांडा खाली करायला सांगितलं, तो पुड्या नसल्यामुळे कसाबसा खाली गेला. सगळ्या पुड्या गोळा करून तिनं वरच्या फळीवर ठेवल्या. आणि पुढच्या रांगेत पट्टे तपासायला निघून गेली.

वन्सं तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिल्या. "आता उतरा" हे पुढचं वाक्य येईल म्हणून वाट बघत होत्या. ते आलं नाही. विमान हललं, धावायला लागलं, वर उठलं. खाली त्यांची बाग येऊन गेली असणार, पण त्यांचं लक्ष अजून दाराकडे होतं.

"झालं?" बऱ्याच वेळानं त्यांनी मला विचारलं.

"झालं."

"एवढंच?"

"एवढंच, वन्सं. जास्तीचे पट्टे ठेवलेलेच असतात त्यांच्याकडे."

त्यांच्या गालांवर एकदम रंग चढला. "म्हंजे तुकडाभर पट्ट्यासाठी मी महिनाभर उपाशी मेले?" असा आवाज लावला की चार रांगांनी ऐकला. "त्या पोराच्या तर! येऊ दे मला नाशिकला. कानफाडते का नाय बघ त्याला!" मी म्हटलं, माझ्यातर्फेही एक ठेवा. मग त्यांना इतकं हसू आलं की पट्टा जोडलेला असूनही सीट हलली. डोळ्यांतून पाणी येत होतं. ते सगळंच हसण्याचं नव्हतं, हे मला कळत होतं. मी त्यांचा हात धरला. मी सहसा कोणाचा हात धरत नाही.

सुंदरी खाण्याची गाडी घेऊन आली. कागदी पेल्यात गरम पाणी ओतून उपमा मिळत होता. वन्संनी त्या पेल्याकडे बघितलं आणि मला म्हणाल्या, "डबा काढ." हातातल्या बॅगेत लेकीच्या लाडवांचा एक डबा होता. तो मांडीवर घेऊन त्यांनी एक लाडू खाल्ला, मग दुसरा. एक त्या पोराला दिला, एक पुढच्या बाईला, एक सुंदरीला कागदात बांधून. ते पोर म्हणालं, "आंटी, बढिया है." "बढिया असणारच," वन्सं म्हणाल्या, "बाळंतिणीचा हाय." मी ते त्याला हिंदीत सांगितलं नाही.

बंगळुरूला उतरलो तेव्हा संध्याकाळ व्हायला आली होती. जावई घ्यायला आले होते. ते निफाडकडचे, वागायला अतिशय मर्यादशील. सासूबाईंना त्यांनी काही उचलू दिलं नाही. परकरातल्या पुड्या आता माझ्या पर्समध्ये आणि दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत आल्या होत्या. गाडीत वन्सं पुढे बसल्या. तिथलाही पट्टा लागला. त्यांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं.

दार लेकीनं उघडलं. पोट एवढं मोठं की आधी ते दिसलं आणि मग ती. आईकडे तिनं बघितलं, वरपासून खालपर्यंत, आणि तिचा चेहरा उतरला.

"आई, किती वाळलीस गं!"

उभ्या जन्मात वन्संना हे कोणी म्हटलं नसेल. दुसऱ्या कुठल्या दिवशी म्हटलं असतं तर त्यांनी ते गावभर सांगितलं असतं. आज उंबऱ्यात उभ्याच राहिल्या. आणि मलाही तेव्हा पहिल्यांदा नीट दिसलं. गालाची हाडं वर आली होती. बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. पोट कमी झालं नव्हतं, बाकी बाई कमी झाली होती.

"बरं नाहीये का तुला? काही लपवतेयस माझ्यापासून?" लेकीला रडू फुटलं. अशा दिवसांत रडू जवळच असतं. "मामी, तुम्ही तरी सांगा. काय झालंय हिला?"

जावई हातात पिशव्या घेऊन मागे उभे होते. वन्सं माझ्याकडे बघत होत्या. विमानाच्या सीटमध्ये मावावं म्हणून सासूनं उपास काढले, हे जावयासमोर कसं सांगणार? वन्संना सुचलं.

"आगं, नेम धरलाय मी," त्या म्हणाल्या. "रात्रीची जेवत नाय. तुझी सुटका नीट होऊ दे म्हणून."

लेक आईच्या गळ्यात पडली. दोघींच्या पोटांमुळे नीट पडताही येईना, ती तिरकी होऊन पडली. जावयांनी पिशव्या खाली ठेवल्या आणि दुसरीकडे बघू लागले. मी चपला काढायला वाकले आणि बराच वेळ काढत बसले.

रात्री ताटं वाढली. लेकीनं आईसाठी मुद्दाम शेवभाजी केली होती, जड अंगानं, उभं राहून. घरभर वास सुटला होता. वन्सं म्हणाल्या, "तुम्ही बसा, मी वाढते." लेक म्हणाली, "आई, सोड ना आता नेम. पोचलीस ना माझ्यापाशी."

"सुटका झाली का तुझी? मग?"

नंतर त्या स्वयंपाकघरात एकट्या होत्या तेव्हा मी एक ताट झाकून नेलं. म्हटलं, "वन्सं, जेवा गुपचूप. त्या दोघांना काय कळतंय? आणि नेम कुठला, कसला! माझ्यासमोर तरी ढोंग नको."

त्यांनी झाकण उचललं, भाजीकडे बघितलं, वास घेतला. भूक लागली होती हो बाईला. डोळ्यांत दिसत होती. मग झाकण परत ठेवलं.

"आता बोलले ना तिच्या नावानं," त्या म्हणाल्या. "ते खोटं नाय करायचं."

आणि लेकीला मुलगी होईपर्यंत, जावई आग्रह करत असताना, मी डोळे वटारत असताना, त्यांनी एकाही रात्री ताटाला हात लावला नाही.